बुद्धमूर्ती ग्रीकांची देणगी नव्हे



गेल्या अंकातील लेखात ‘बुद्धाला चेहरा ग्रीकांनी दिला’ असे ठाम विधान आहे. फ्रेंच अभ्यासक फूशे यांचे हे मत जुने आहे. आनंद कुमारस्वामींनी १९२७ सालीच त्याला सविस्तर उत्तर दिले होते.

मथुरेच्या संग्रहालयातील कटरा येथील मूर्ती लेखकाने एकदा डोळे भरून पाहावी. लाल ठिपकेदार वालुकाश्म, रुंद छाती, उघडा उजवा खांदा, अंगाला चिकटलेले तलम वस्त्र, डोक्यावर शंखासारखा वळलेला केसांचा बुचडा आणि समोर रोखलेले उघडे, हसरे डोळे. यात ग्रीकांचा देव अपोलो कुठे दिसतो? दिसतो तो मथुरेजवळच्या परखम गावचा यक्ष, तिथल्याच मातीतला. कुषाण सम्राट कनिष्काच्या राजवटीच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल याने सारनाथला उभारलेली भव्य मूर्तीही मथुरेच्याच दगडाची.

गांधारच्या करड्या शिस्ट दगडातील मूर्तींचे कुरळे केस आणि दोन्ही खांदे झाकणारे चुणीदार संघाटी-वस्त्र यांचे ऋण मी नाकारत नाही. त्या चुण्या पुढे मथुरेनेही उचलल्या. गुप्तकाळात त्या दोऱ्यांसारख्या बारीक झाल्या आणि पाचव्या शतकात सारनाथला तर जवळजवळ नाहीशाच झाल्या. तिथे डोळेही अर्धोन्मीलित झाले. ही घडण आपल्या शिल्पकारांची आहे. तिचे श्रेय त्यांना नाकारले जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे