आरोग्याच्या चार गोष्टी : शाळेला पायी चला



यावेळी आधी एक कबुली. गेल्या हिवाळ्यात पावसाच्या एका सकाळी नातवाला शाळेच्या दाराशी सोडलं आणि घाईघाईने गाडी मागे घेतली. आरशात कोणी दिसलं नाही. इतक्यात कुणीतरी गाडीवर जोरात थाप मारली. ब्रेक दाबला, उतरून बघतो तर गाडीच्या मागे हातभर अंतरावर पाचेक वर्षांची एक पोर, पडलेला डबा उचलायला वाकलेली! तिला काही झालं नाही, देवाची कृपा. पण आमचे हात घरी पोहोचेपर्यंत थरथरत होते. सारा जन्म वॉर्डात काढला, गाडीखाली आलेली मुलं उचलून पलंगावर ठेवली, आणि त्या दिवशी ते आमच्याच हातून घडणार होतं. बरं, शाळा किती लांब? चालत बारा मिनिटं.

नातू सुखरूप राहावा म्हणून आम्ही गाडी काढत होतो. शेजारीही त्याचसाठी काढतात. सगळ्यांच्या काळजीची मिळून दारापुढे रांग लागते, आणि त्या रांगेतून पायी येणाऱ्या पोरांचा जीव धोक्यात येतो. मग त्यांचे आईबापही म्हणतात, नको रे बाबा, गाडीनेच जा. न्यूझीलंडच्या सरकारी पाहणीत १९८९-९० साली ५ ते १२ वर्षांच्या १०० मुलांपैकी ४२ पायी शाळेला जात. २०१०-१४ मध्ये ती २९ वर आली. सायकलवाली १२ होती, ती २ उरली.

आपलं लहानपण आठवा. आम्ही उमरखाडीहून माझगावच्या सर एली कदूरी शाळेत पायी जायचो. पुढे थोरली बहीण, तिचं बोट धरून धाकटा, मागे चाळीतली आणखी चार-पाच. ट्रामचे रूळ आले की बहिणीचा हुकूम, "थांबा!" पावसाळ्यात छत्री एक आणि डोकी तीन. शब्बाथला मशिदीत जायचं तेही पायीच. त्याला व्यायाम कोणी म्हणत नसे. आता तेव्हाइतके रस्ते मोकळे नाहीत, म्हणून लहान मुलांना एकटं सोडा असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

त्यावर इथे एक सोपी तोड आहे, चालती बस. ऑकलंडच्या माउंट अल्बर्ट भागातल्या ग्लॅडस्टोन शाळेत १९९९ साली ती सुरू झाली आणि पुढे कितीतरी शाळांनी घेतली. ना इंजिन, ना तिकीट. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मधे मुलांची ओळ. रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले, वेळही ठरलेली. थांब्यावर उभं राहायचं, बस आली की ओळीत शिरायचं. आमच्या थोरल्या बहिणीचीच ही बस, फक्त इथे तिला नाव मिळालं आणि अंगात चमकणारं जाकीट आलं.

नर्स म्हणून सांगायचं तर, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेला झपझप जाऊन-येऊन त्यातली वीस-पंचवीस मिनिटं सहज होतात. हाडं बळकट होतात, भूक लागते, रात्री झोप लागते. शिवाय वाटेत मित्र भेटतात, ते गाडीच्या मागच्या सीटवर भेटत नाहीत.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा. इस्राएलहून आलेल्या आजोबांना हे तुम्ही शिकवा. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे त्यांची मान आधी डावीकडे वळते! घरांच्या फाटकाशी दोन पावलं थांबा, गाडी मागे येत असेल तर चालवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. हे आमच्याइतकं कोण सांगणार? दहा वर्षांच्या आत असाल तर रस्त्यावर सायकल मोठ्यांबरोबरच चालवा. आणि हेल्मेट घाला. न्यूझीलंडमध्ये १ जानेवारी १९९४ पासून लहानमोठ्या सगळ्यांना तो कायदा आहे. पामरस्टन नॉर्थच्या रेबेका ओटन या आईच्या मुलाला १९८६ साली सायकलच्या अपघातात डोक्याला कायमची इजा झाली. त्यानंतर ती माऊली वर्षानुवर्षं हेल्मेटचा प्रचार करीत फिरली. पट्टा लावताना तिची आठवण ठेवा.

आणि आजी-आजोबांनो, मुलगा-सून कामावर पळतात, सकाळी वेळ असतो तो आपल्याकडेच. शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारा. बस नसेल तर शेजारची दोन घरं मिळून सुरू करा, आठवड्यातून एक दिवस तरी. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी "थांबा" म्हणायला हात पुरतो. आम्ही मंगळवारी आणि गुरुवारी मागच्या टोकाला असतो. ती डबेवाली पोर आमच्याच ओळीत आहे. तिच्या आईला आम्ही सगळं खरं सांगितलं, तरी तिने पोरीचा हात आमच्या हाती दिला.

गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या अंकात लिहू. तोवर चालत राहा.