गाडीतील फ्रिज : गॅसवर की विजेवर?

घरचेच अन्न घेण्याचा नेम असलेल्या कुटुंबाला स्वयंपाकघरासह असलेली कॅरव्हॅन सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. राज्याने २०२१ साली या पर्यटनाचे धोरणही आणले. मात्र जालन्याहून पालीताण्याकडे निघताना फ्रिजमध्ये केवळ दूध नसते. आजोबांचे इन्सुलिनही असते, आणि न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअसच लागते.

गॅसच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. १९२२ साली प्लाटेन व मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती सिद्ध केली. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यातील अमोनिया बाहेर पडतो, थंड होऊन द्रवरूप होतो आणि पुन्हा वायुरूप होताना आतील उष्णता शोषून घेतो. आवाज नाही, विजेचा खर्च नाही. पण द्रव केवळ उताराने वाहतो, म्हणून गाडी सपाटीवर उभी हवी. आणि मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीपार गेला की हा फ्रिज थकतो.

चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवणे धोक्याचेच. पेट्रोलपंपावर शिरण्यापूर्वी तर ती विझवलीच पाहिजे. धुराला बाहेर वाट नसेल, तर झोपलेल्यांच्या जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इन्सुलिन बरोबर असेल, तर बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असलेलीच गाडी ठरवावी, भाडे थोडे अधिक पडले तरी. त्याला स्वतंत्र बॅटरी असावी आणि धर्मशाळेच्या मुक्कामी ती चार्ज करून घ्यावी. कुपी मात्र बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असते.