टायमिंगला हात शेवटी लावा

गाडी चढावर दम टाकू लागली, ॲव्हरेज घसरलं, की गॅरेजसमोर नुसता चहा प्यायला थांबलेला माणूसही सांगतो, "टायमिंग थोडं पुढं घ्या ना वस्ताद, मोकळी पळेल." वस्ताद बोनेट उघडतो, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला करतो, अंदाजानं फिरवतो, रेस देऊन आवाज ऐकतो आणि बोल्ट आवळून टाकतो. पहिली पाच मिनिटं गाडी खरंच चपळ वाटते. शिरपूर, मालेगाव, रिसोड या पट्ट्यातल्या जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांना माझी विनंती एवढीच आहे: हा बोल्ट सगळ्यात शेवटी ढिला करा, आणि करायचाच तर मापून करा.

आपल्याकडे अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन व्हॅनमध्येही आलं. यातल्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या, नंतरच्या एमपीएफआय. दोघींचं दुखणं वरून सारखं दिसतं, पण इलाज वेगळा आहे. (डिझेल जीपवाल्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये. तिथे ठिणगीच नसते, पंपाचं टायमिंग असतं, आणि ते पंपवाल्याकडेच करून घ्यावं.)

पिस्टन वर चढत असतो तेव्हा, माथ्यावर पोचण्याच्या आधीच, प्लगमध्ये ठिणगी पडते. ती पडण्याची वेळ म्हणजेच टायमिंग. कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका झटक्यात जळत नाही, त्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. सगळ्यात जास्त दाब यायला हवा तो पिस्टन माथा ओलांडून १५ अंशांच्या आसपास खाली आल्यावर. सायकलचं पायडल अगदी वर असताना कितीही जोर लावा, तो फुकट जातो. जरा पुढं आलं की लागतो. आता हिशोब बघा. ८०० आरपीएमवर एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो, ३,००० वर तेवढ्याच वेळात १८ अंश. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी. हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन छोटी वजनं आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा करतात. हलक्या पायानं गाडी चालवताना बाजूची व्हॅक्यूमची डबी त्यात भर घालते. बोल्ट ढिला करून आपण फिरवतो ती फक्त सुरुवातीची जागा. वजनं गंजून अडकलेली असतील किंवा डबीतला पडदा फाटलेला असेल, तर बोल्ट कितीही फिरवा, उभी गाडी गोड वाजेल आणि रस्त्यावर पुन्हा तेच.

ठिणगी फार आधी पडली, म्हणजे टायमिंग जास्त पुढे गेलं, तर जळणाचा दाब वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यावर बसतो. शेवटी उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिनातून बारीक, कोरडी टकटक येते. बरेच जण तिला टॅपेटचा आवाज समजून सोडून देतात. फरक ओळखणं अवघड नाही. टॅपेट उभ्या गाडीतही वाजतं. नॉकिंग ओढ पडल्यावरच येतं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की जातं. मालेगावहून अकोल्याला निघालात तर मेडशीच्या पुढे पातूरचा घाट लागतो. गाडीत चार माणसं, वरचा गिअर, काचा खाली आणि टेप बंद. तिथे टकटक आली तर टायमिंग जास्त पुढे आहे किंवा डोक्यात कार्बन साचलाय. तशीच चालवत राहिलात तर आधी हेडगॅस्केट जातं, नंतर पिस्टन. जानेवारीच्या थंड सकाळी अंदाजानं लावलेलं टायमिंग मे महिन्यातल्या वऱ्हाडच्या उन्हात टकटक करणारच. हवा गरम असली की मिश्रण लवकर भडकतं. टायमिंग फार मागे ठेवणंही परवडत नाही. जळण उशिरा होतं, उष्णता सायलेन्सरकडे जाते, रेडिएटर उकळतो आणि पेट्रोल पिते ते वेगळंच.

आता ॲव्हरेजचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि आता ते सगळीकडे आहे. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत या पेट्रोलमुळे इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी कमी होऊ शकते. तुमची गाडी लिटरला १६ देत होती आणि आता १५ देते, तर त्यात वस्तादाचा दोष नाही आणि टायमिंगचाही नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे नॉकिंग थोडं दबतं, हे खरं. पण त्या भरवशावर टायमिंग पुढं ओढत बसू नका. त्याऐवजी पेट्रोलचे रबरी पाइप बोटानं दाबून बघा. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, नंतर तडकतं, आणि बोनेटखाली गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

बोल्टाला हात लावण्याआधी काय काय बघायचं? हवेचं फिल्टर झटकून नाही, बदलून बघा. शेतरस्त्याची धूळ ते महिन्यातच भरून टाकते. प्लग काढून रंग पाहा: विटकरी असेल तर ठीक, काळा काजळी धरलेला असेल तर मिश्रण गडद आहे. पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट जळलेत का आणि त्यांचं अंतर बरोबर आहे का, हे टायमिंगच्या आधीच व्हायला पाहिजे, कारण अंतर बदललं की टायमिंगही बदलतं. टॅपेट, कॉम्प्रेशन, टायरची हवा. आणि चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. अर्ध्या तक्रारी ब्रेक धरून राहिल्याच्या निघतात.

हे सगळं ठीक निघालं तरच टायमिंग. गाडी पूर्ण गरम हवी, आयडल पुस्तकात दिलेलं हवं, एसी आणि दिवे बंद, व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलेलं (पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर तसं). टायमिंग लाइटची चिमटी एक नंबरच्या प्लगवायरवर. पुलीवरची खूण पुसून तिच्यावर पांढरा रंग लावा, नाहीतर दिसतच नाही. बोल्ट ढिला करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर आणि बॉडी यांवर मिळून एक रेघ ओढा, म्हणजे काही बिघडलं तर परत जागेवर येता येतं. लाइटच्या लुकलुकत्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते, आणि धोका तिथेच आहे. पट्टा थांबलेला नसतो. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाही वर करा आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. किती अंश लावायचं ते गाडीच्या पुस्तकात किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढंच लावा.

एमपीएफआय गाडीत हा खेळ चालत नाही. तिथे क्रँकचा वेग, इंजिनाचं तापमान, हवेचा दाब बघून कंप्युटर दर ठिणगीची वेळ स्वतः ठरवतो. काही एमपीएफआय गाड्यांना डिस्ट्रिब्यूटर आहे, पण त्यांचं टायमिंग बघायचं तर आधी तपासणीच्या कपलरमधल्या ठरलेल्या पिना जोडून कंप्युटरला एका जागी थांबवावं लागतं. तसं न करता लाइट धरली तर खूण नाचत राहते आणि माणूस नाचत्या खुणेवर बोल्ट आवळतो. अशी गाडी ओढत नसेल तर आधी स्कॅन करून घ्या. बहुतेक वेळा तापमानाचा सेन्सर, गंजलेली अर्थिंग किंवा सुटलेला व्हॅक्यूम पाइप निघतो.

रिमॅपिंगवाल्यांचे व्हिडिओ पोरं बघतात. टर्बोवाल्या गाडीत प्रोग्रॅम बदलून ताकद बरीच वाढते, हे मी नाकारत नाही. पण ८०० सीसीच्या बिनटर्बो इंजिनात काढायला शिल्लक असतंच किती? आणि दोन लाख किलोमीटर चाललेल्या जुन्या डिझेल स्विफ्टमध्ये वाढवलेली ताकद आधी क्लच खाते, मग टर्बो. प्रोग्रॅम चढवताना मध्येच बॅटरी बसली किंवा वीज गेली तर कंप्युटर कायमचा मुका होऊ शकतो. लायटरच्या किंवा ओबीडीच्या खोबणीत खोचायच्या, काही शे रुपयांच्या "पेट्रोल वाचवणाऱ्या" डब्यांवर पैसे घालवू नका. त्यातल्या काही उघडून पाहणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही सापडलेलं नाही.

गॅसकिट असलेल्या व्हॅनवाल्यांना वेगळं सांगायला हवं. घरगुती सिलिंडर गाडीत बसवू नका, कुणी कितीही "काही होत नाही" म्हटलं तरी. मंजुरी असलेलं किट बसवा आणि आरसी बुकात नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी हळू जळतो, त्याला ठिणगी आधी लागते. तेच टायमिंग पेट्रोलवर नॉकिंग करतं. म्हणून चांगल्या किटबरोबर टायमिंग आपोआप बदलणारा वेगळा डबा देतात. तो बसवलाय का, हे विचारा.

आणि गॅरेजवाल्या भावांनो, टायमिंग लाइट एकट्याला जड वाटत असेल तर चौघांनी मिळून एक घ्या. महाशिवरात्रीला जानगीर महाराजांच्या यात्रेला आणि एरवी अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपूरला लांबून माणसं येतात, त्यांच्याही गाड्या तुमच्याच दारात बंद पडतात. लाइट लावून काम केलंत की बिलावर तीन गोष्टी लिहून द्या: आधी किती अंश होतं, आता किती केलं आणि आयडल किती. गिऱ्हाइकांनीही ते मागून घ्यावं.