स्थानिक पेला, परका हिशेब

चवीविषयी वाद घालू नये, असे म्हणतात. परंतु ज्या चवीसाठी शासन कर माफ करते, भूखंड आखून देते आणि वर शेतकऱ्याच्या कल्याणाचा हवाला देते, ती चव खाजगी राहत नाही. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ची छोटी भट्टी सुरू झाली आणि ताज्या बिअरचा आस्वाद हा शहरी मध्यमवर्गाचा एक नवा सोहळा झाला. चार-सहा छोटे पेले ओळीने मांडावेत, रंग न्याहाळावा, वास घ्यावा, मग घोट घेऊन मत द्यावे, असा त्याचा विधी. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या पेल्याला लावल्या जाणाऱ्या ‘स्थानिक’ या विशेषणाचा.

कृष्णाकाठी उद्या अशी भट्टी निघाली, तर त्या बिअरमध्ये स्थानिक काय असेल? बिअरला लागणारे जव पिकते राजस्थान-उत्तर प्रदेशात. कडवटपणा देणारी हॉप्सची फुले बहुतेक परदेशातून येतात. उरते पाणी. म्हणजे ज्या सातारा-सांगलीत माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पिढ्यान् पिढ्या पाण्यासाठी झगडले, तेथील पाणी एवढाच या पेल्याचा स्थानिक अंश!

याच तालुक्यांत शाळू पिकतो. ज्वारीची बिअर होऊ शकते. आफ्रिकेत ती शतकानुशतके घरोघरी होत आली. नायजेरियाने 1988 साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले. मग माणदेशी ज्वारीला असा बाजार का मिळू नये, असे कोणी विचारील. त्याला उत्तर महाराष्ट्राच्या अनुभवात आहे. 2007 साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले. तेव्हाही नाव ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे होते. अनुदान मात्र कारखानदाराला होते. ज्वारीला अमुक भाव दिलाच पाहिजे, असे बंधन घालणे हा ज्या धोरणाचा गाभा नाही, ते शेतकऱ्याचे धोरण कसे म्हणावे?

द्राक्षाची कथा वेगळी नाही. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाइनला करसवलती दिल्या आणि नाशिककडे विंचूर व सांगलीकडे पलूस येथे वाइन पार्क आखले. परंतु तासगावच्या शेतकऱ्याचा मळा प्रामुख्याने खाण्याच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांचा आहे. वाइनची वाणे निराळी. अवकाळी पावसाने घड तडकले किंवा बेदाण्याचा भाव कोसळला, तर वाइनची बाटली त्याला वाचवीत नाही. तरीही 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा पुन्हा शेतकऱ्यालाच पुढे करण्यात आले. विरोध झाला आणि ते सरकार असेपर्यंत निर्णय अमलात आला नाही.

पलूस हे नाव घेताना आणखी एक आठवण अटळ आहे. याच तालुक्यातले कुंडल हे 1942 नंतरच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या त्या चळवळीने न्यायमंडळे चालवली, कमी खर्चाची लग्ने लावली आणि गावोगाव दारूबंदीचाही आग्रह धरला. तो आग्रह केवळ सोवळेपणाचा नव्हता. मजुरी घरी पोचण्याआधी कोठे अडते, हे त्या कार्यकर्त्यांना ठाऊक होते.

ती मजुरी आजही अडते. म्हणून दोन पेल्यांसाठी दोन न्याय चालणार नाहीत. आस्वाद घेणारा रसिक ठरतो आणि देशी दारूच्या दुकानापुढचा ऊसतोड कामगार दारुडा ठरतो, हा भेद पेयाचा नसून वर्गाचा आहे. दोघांच्याही घरातील स्त्रीला मात्र परिणाम भोगावे लागतात, आणि तिचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. मार्च 2008 च्या शासन आदेशाने ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हा मतदानाचा हक्क तिला दिला. परंतु दुकान बंद व्हायचे तर गावातील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. ऊसतोडीला गेलेली, आजारी असलेली, धाकाने घरी बसलेली स्त्री आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते! ज्या नियमाने आमदार निवडून येतो, त्या नियमाने दुकान का बंद होऊ नये?

तेव्हा मागणी सरळ आहे. कोणत्याही मद्याचा परवाना देण्यापूर्वी गावातील वा प्रभागातील स्त्रियांचे मत घ्यावे आणि झालेल्या मतदानातील बहुमत पुरेसे मानावे. शेतकऱ्याच्या नावावर सवलत मागणाऱ्या उद्योगाने शेतमालाच्या हमीभावाचा करार आधी जाहीर करावा. या दोन अटी पाळून जी भट्टी उभी राहील, तिची बिअर ज्याला चाखायची त्याने खुशाल चाखावी. अटी नको असतील, तर निदान शेतकऱ्याचे नाव तरी बाटलीवरून पुसावे.