घरकुलाचे अनुदान आणि जमिनीचा प्रश्न

पहिले घर बांधणाऱ्यास वा विकत घेणाऱ्यास शासनाने अनुदान द्यावे, या तत्त्वाला समाजवादी विचाराच्या माणसाने विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, हे अनुदान अखेर कोणाच्या पदरात पडते?

प्रधानमंत्री आवास योजनेचे आकडेच पाहावेत. ग्रामीण भागात, सपाट प्रदेशातील बेघर कुटुंबाला केंद्राच्या दराने १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा दर २०१६ साली ठरला. २०२४ साली आणखी २ कोटी घरांना मंजुरी देताना केंद्राने तोच कायम ठेवला. सिमेंट, सळई, वाळू यांचे भाव मात्र मधल्या आठ वर्षांत थांबून राहिले नव्हते. शिवाय रक्कम येते ती हप्त्याहप्त्याने, बांधकाम अमुक टप्प्यावर पोचले की मग. तोवर भिंती उभ्या करावयाच्या त्या उसनवारीवर. जोत्यावरच अडलेली घरे दिसतात त्यात नवल काय?

आता शहराकडे वळावे. याच योजनेत २०१७ पासून मध्यमवर्गालाही गृहकर्जाच्या व्याजात सवलत मिळू लागली. वर्षाला १२ ते १८ लाख रुपये मिळविणाऱ्या कुटुंबाला १२ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत होती. वीस वर्षांची सवलत आजच्या मोलाने एकरकमी काढून जास्तीत जास्त २ लाख ३० हजार रुपये कर्जखात्यात जमा होत. शेतमजुराच्या घराला १ लाख २० हजार आणि १८ लाखवाल्याच्या कर्जाला जवळजवळ दुप्पट! मध्यमवर्गासाठीची ही सवलत मार्च २०२१ मध्ये संपली आणि २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाची मर्यादा ९ लाखांवर आली, हे योग्यच झाले. परंतु बँक ज्याला कर्ज देते त्यालाच व्याजसवलत मिळते, ही मूळची मेख तशीच आहे. घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला, नाक्यावरचा बिगारी यांच्यापाशी ना पगाराचा दाखला, ना तारण. शिवाय जेथे जमीन मोजक्या हातांत आहे तेथे खरेदीदाराच्या खिशात घातलेला जादा पैसा घराच्या किमतीत मुरतो. अनुदान घेणारा एक, लाभ उठविणारा बिल्डर.

या मक्तेदारीवर हात घालण्याचे साधन १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने दिले होते. सूट देण्याच्या कलमांनी ते बोथट केले आणि २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला. जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील, असा युक्तिवाद तेव्हा होता. मुंबई-ठाण्यात त्याचा प्रत्यय कोणाला आला?

खेड्यातील भूमिहीनाची अवस्था त्याहून विचित्र. घरकुल मंजूर, पण ते बांधावयाचे कोठे? जागा मिळवून देणे ही योजनेच्या नियमांप्रमाणे राज्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्राने जागाखरेदीसाठी प्रारंभी ५० हजार रुपयांचे साहाय्य ठेवले. हमरस्त्यालगतच्या गावात तेवढ्या पैशात कोण जागा देतो? भूमिहीनांना घरासाठी जागा हे १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातले एक कलम होते. आणीबाणी गेली, सरकारे आली-गेली, कलम तसेच राहिले.

घरकुलाच्या यादीतील नावांसाठी कार्यकर्ते ग्रामसभेत भांडतात, ते आवश्यकच आहे. त्याच सभेत जागा नसलेल्यांची वेगळी यादी मागावी, गावठाण वाढविण्याचा ठराव मांडावा आणि तो तहसील कचेरीत दाखल करून त्याची पोच घ्यावी.