वस्तूखालची पाटी कोण लिहितो?

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू ठेवायची जागा, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. ही व्याख्या अपुरी आहे. समाजाने कोणाला लक्षात ठेवायचे आणि कोणाला विसरायचे, याचा निर्णय म्हणजे संग्रहालय. हा निर्णय काचेच्या कपाटातल्या वस्तूवर दिसत नाही, तो वस्तूखालच्या दोन-चार ओळींच्या पाटीवर दिसतो. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की आंबेडकरी चळवळीतल्या प्रत्येकाने संग्रहालयात जावे, वस्तू बघाव्यात आणि त्याहून जास्त लक्ष देऊन पाट्या वाचाव्यात.

आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जातो. संग्रहालयाकडे मात्र शाळेची सहल सोडली तर आपली पावले वळत नाहीत. "तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारी असतात, आपले काय असते?" असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलामुलींनी विचारला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर भाषणातून देण्यापेक्षा कळंबहून त्यांना घेऊन आम्ही थेट कोल्हापूरला गेलो.

कोल्हापूरच का? कारण तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात एका शहराचा इतिहास आणि त्याच शहरातल्या चित्रकारांची कला एकाच छताखाली आहे. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन केले आणि तिथे सापडलेल्या वस्तूंमधून हे संग्रहालय आकाराला आले. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, ज्या संस्थानातल्या माणगावात १९२० साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, त्या कोल्हापूरचे हे संग्रहालय. आपला संबंध तिथूनच सुरू होतो.

ब्रह्मपुरीच्या वस्तूंमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. सातवाहन काळात इथला व्यापार रोमपर्यंत पोचला होता, याचा हा पुरावा. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण व्यापार म्हणजे फक्त व्यापारी नव्हे. बंदरापासून घाटावर माल कोणी वाहिला? भट्टी कोणी पेटवली? मडकी कोणी घडवली? इतिहासाच्या पुस्तकात 'सातवाहनांची भरभराट' असे लिहिले जाते. ती ज्यांच्या घामावर उभी राहिली, त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा खर्ची पडत नाही.

आणि याच कोल्हापूर शहरात एकोणिसाव्या शतकात एका बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले होते. त्यातल्या अस्थिपात्राच्या पेटीवर ब्राह्मी लिपीत लेख आहे. दान कोणाचे आणि ते करवून घेतले कोणी, अशी दोन साध्या माणसांची नावे त्यात आहेत: बम्ह आणि धमगुत. अंबाबाईचे कोल्हापूर सगळ्यांना माहीत आहे. स्तूपाचे कोल्हापूर किती जणांना माहीत आहे?

आता कलादालनाकडे वळू. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबुराव पेंटर ही कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतली मोठी नावे. आबालाल मुसलमान, शाहू महाराजांनी ज्यांची कदर केली असे चित्रकार. बाबुराव पेंटर म्हणजे बाबुराव कृष्णराव मेस्त्री, सुतारकाम करणाऱ्या कारागिराच्या घरातले. कलाशाळेची पायरी न चढता ते चित्रकार झाले, शिल्पकार झाले, स्वतः कॅमेरा तयार करून त्यांनी सिनेमा काढला. १९२५ सालच्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी सावकाराने नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला.

इथे आमच्या मुलांना आम्ही एक प्रश्न विचारला. बाबुरावांचे चित्र भिंतीवर चौकटीत लागते, त्याला 'कला' म्हणतात. त्यांच्याच आधीच्या पिढ्यांतल्या एखाद्या सुताराने कोरलेला खांब मात्र 'काष्ठशिल्प, अठरावे शतक' एवढ्याच ओळखीने उभा राहतो. हात त्याच परंपरेतले, कसबही तेच. मग फरक कशाचा? फरक सहीचा. चित्राखाली सही आहे, खांबावर नाही. सही करण्याचा अधिकार ज्याला मिळाला तो कलावंत. ज्याला तो नाकारला गेला तो कारागीर, बलुतेदार.

हा फरक आपोआप झालेला नाही. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, असे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये मांडले. संग्रहालयातली 'कला' आणि 'कारागिरी' ही वेगवेगळी दालने त्याच तोडण्याचा नकाशा आहेत. दुसऱ्या एका संग्रहालयात आम्ही सूप, टोपल्या, हलगी आणि चामड्याची मोट पाहिली. संग्रहालयाचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. सगळ्यांवर मिळून एकच पाटी होती, 'ग्रामीण जीवन'. शेजारच्या कपाटात मात्र एका सरदाराच्या तलवारीखाली त्याचे घराणे, किताब, जहागीर, सगळे तपशीलवार होते. तलवारीला वंशावळ आणि हलगीला नुसते 'ग्रामीण'!

यावर ठरलेले उत्तर येते, "करणाऱ्यांची नावे उपलब्धच नाहीत, मग लिहायची कुठून?"

त्याचे उत्तर आमच्याच डोंगरात आहे. जुन्नरच्या आसपास शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत नावे आहेत, गावे आहेत, व्यवसाय आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या मुलाचे, सुलसदत्ताचे दान आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. राजा नहपानाचा अमात्य अयमही तिथे आहे, पण तो एकटा नाही. राजाच्या अमात्याचे नाव ज्या कातळात आहे, त्याच कातळात धान्य विकणाऱ्यांचेही आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचा उल्लेख या लेखांत आहे. जरा थांबून विचार करा. बांबूकाम करणाऱ्यांची संघटना त्या काळी लोकांच्या ठेवी सांभाळत होती, म्हणजे तिची पत होती. आज तेच काम करणारा बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्या व्यवसायाकडे विश्वासाने पैसा ठेवला जात होता, तो व्यवसाय करणारा माणूस पुढे गावकुसाच्या कडेला कसा गेला? हा प्रश्न कुठल्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहे? आम्हाला तर वाटते की महाराष्ट्राच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे.

म्हणजे नावे लिहिता येतात. लिहायची इच्छा आणि त्यामागचे तत्त्वज्ञान लागते. बौद्ध संघाने दान देणाऱ्याचा व्यवसाय लपवला नाही. तो सन्मानाने दगडात राहू दिला. पुढे आलेल्या व्यवस्थेने माणसाला व्यवसायात कोंडले आणि त्याचे नाव पुसले. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनासाठी रोज शेकडो भाविक पायऱ्या चढतात. आमचे कोणाच्याही श्रद्धेशी भांडण नाही. पण ज्या दालनात आपण उभे आहोत तो एकेकाळी भिक्खूंचा विहार होता, हे प्रत्येकाला कळले पाहिजे. आजही आमच्या भागात 'लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली' असे सांगितले जाते. एका रात्रीत कोरली म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवणाऱ्यांचा हिशोबच द्यावा लागत नाही!

नाव कोरलेले असले की काय होते, ते कोरेगावच्या विजयस्तंभाने दाखवले आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे त्यावर आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. ती नावे दगडात नसती तर? 'कंपनीचे सैन्य' या दोन शब्दांत ती माणसे गडप झाली असती. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले, त्यांनी त्या नावांना पुन्हा आवाज दिला आणि पिढ्यांना ताठ मानेने उभे राहायला जागा मिळाली. चार अक्षरांच्या नावात एवढी ताकद असते.

काही जण म्हणतात, संग्रहालयात जात आणू नका, ते तटस्थ असू द्या. आम्ही विचारतो, जुन्या पितळी हंड्याखाली 'पाणी साठवण्याचे भांडे' एवढेच लिहिणे तटस्थ आहे का? तो हंडा ज्या पाणवठ्यावर भरला जात होता, तिथे कोणाला हात लावायला बंदी होती, हेही त्या हंड्याचेच सत्य आहे. महाडचा १९२७चा सत्याग्रह ज्याला कळला, त्याला हंडा नुसता हंडा दिसूच शकत नाही. न लिहिणे हीसुद्धा एक बाजूच आहे.

आपल्यातलेही काही जण म्हणतात, त्यांची संग्रहालये त्यांना लखलाभ, आपण आपली उभारू. आपली हवीतच. बाबासाहेबांच्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीला आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या स्मारकात जपल्या गेल्या, म्हणून आज पाहायला मिळतात. पण सार्वजनिक संग्रहालय आपल्याही करातून चालते. त्यावरचा हक्क सोडून कोपऱ्यात आपली वेगळी खोली मांडली, तर मोठ्या दालनातली पाटी तशीच राहील.

आमच्या आंबेगाव-जुन्नरला असे एक कलादालन आणि इतिहास संग्रहालय झाले पाहिजे, ही आमची मागणी आहे. त्यात काय असावे, हेही सांगतो. जुन्नरच्या शिलालेखांचे ठसे आणि त्यांचे सोप्या मराठीत अर्थ. डिंभे धरणात गेलेल्या जुन्या आंबेगावाच्या आणि आदिवासी गावांच्या आठवणी, तिथल्या माणसांच्या तोंडून. आणि कलादालनात पहिला मान नारायणगावच्या तमाशाचा. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई उभ्या राहिल्या, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांचे घुंगरू आणि ढोलकी 'ग्रामीण जीवन'च्या कपाटात नको. ती 'कला' या पाटीखाली हवीत, पूर्ण नावासह.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. तीन कामे आजपासून करता येतील.

एक, कुठल्याही संग्रहालयात गेलात की पाट्यांचे फोटो काढा. घडवणाऱ्याचा उल्लेख कुठे आहे, कुठे नाही, याची नोंद करा.

दोन, अभिप्राय वहीत 'छान वाटले' लिहून निघू नका. कोणत्या पाटीवर काय लिहायला हवे ते पुराव्यासह लिहा आणि त्याची प्रत क्युरेटरला पाठवा. नाव माहीत नसेल तिथे 'घडवणाऱ्याचे नाव नोंदवले गेले नाही' एवढे तरी लिहा, अशी मागणी करा.

तीन, घरातली जुनी वस्तू भंगारात देऊ नका. आजीचे जाते, आजोबांची हलगी, धम्मदीक्षेच्या वेळचा फोटो, समता सैनिक दलाची टोपी, जे असेल ते विहारात एकत्र करा. प्रत्येक वस्तूखाली ती कोणी घडवली, कोणी वापरली आणि ती वापरताना काय सोसले, हे लिहा. वस्तू सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल.

दोन हजार वर्षांपूर्वी कातळात नाव लिहिण्याची सोय होती. आज कागद आहे, पेन आहे, संविधानाने दिलेला हक्क आहे. पाटी आपण लिहिली नाही तर दुसरा कोणीतरी लिहील आणि त्यात आपण नसू.

जय भीम!