परदेशचें खोकें व घरची फणी

अर्धापूरचीं केळीं आखाती देशांत जाऊं लागलीं, ही नांदेड जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्याच बागेंतील बाकीचा माल आपल्याच लोकांच्या हातीं कोणत्या स्थितींत पडतो, याचा विचार आम्हां बागाईतदारांनीं फारसा केलेला दिसत नाहीं.

परदेशीं जाणारा घड पाऊणएक भरला असतांनाच कापतात. जमिनीस टेकूं न देतां तो पॅकहाउसांत नेतात, फण्या सोडवून चीक धुतात व साधारण तेरा किलोंच्या खोक्यांत भरून १३ ते १४ अंश सेल्सिअस तपमानांत ठेवतात. थंडी याहून अधिक झाली तर साल काळवंडते; ऊब लागली तर फळ वाटेंतच पिकतें. येथून न्हावाशेवा बंदर साडेपांचशें किलोमीटरांहून दूर, आणि पुढें समुद्र! वाटेंत कोठेंही हयगय झाली कीं सर्व श्रम वायां जातात.

घरच्या बाजाराचा घड मात्र उघड्या ट्रकांत एकावर एक रचला जातो. घासलेल्या जागीं कूज शिरते. पुढें तो लवकर पिवळा दिसावा म्हणून कांहीं व्यापारी कॅल्शियम कार्बाइड वापरतात. त्यांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात, म्हणून फळें पिकविण्यासाठीं त्याचा वापर कायद्यानें निषिद्ध आहे. फळ पिकतांना स्वतःच जो इथिलीन वायू सोडतें, तो बंद कोठींत दहा लक्ष भागांस शंभर भागांपर्यंत देण्यास मात्र मुभा आहे.

यावर कोणी म्हणेल, "घरचें गिऱ्हाईक जादा दाम देत नाहीं; मग हा खटाटोप कशास?" आमचें उत्तर असें कीं, डागी मालावर व्यापारी जी सूट कापतो ती आपल्याच पदरची असते. शिवाय परदेशची वाट सदा उघडी राहते असें नाहीं. सन २०२० च्या टाळेबंदींत वाहनें व गिऱ्हाइकें दोन्ही अडलीं, तेव्हां नाशवंत मालाच्या धन्यास मिळेल त्या भावानें माल काढावा लागला.

एकट्या शेतकऱ्यास शीतगृह झेपणार नाहीं, हें खरें. म्हणून चार-पांच गांवांनीं मिळून एक पॅकहाउस, एक शीतकोठी व एक इथिलीनची पिकवणकोठी उभारावी. म्हणजे जहाज मिळालें तर माल बंदराकडे जाईल. न मिळालें तर तोच निर्दोष माल नांदेड-लातूरच्या बाजारांत उतरेल. आपल्या सोसायटीनें हा विषय येत्या सभेंत अवश्य घ्यावा. परक्या गिऱ्हाइकासाठीं आपण घड जमिनीस टेकूं देत नाहीं. तेवढी काळजी आपल्या घरच्या मुलाबाळांच्या वांट्यासही यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.